जुन्या कार्डाची जागा

स्क्रू फिरत होता, पण वर येत नव्हता. आटे गेलेले असणार—किंवा कुणीतरी कधीकाळी घाईघाईत वाकडाच बसवलेला—आणि ती त्याच्या डोक्यावरच्या फुलीसारख्या खाचेकडे बघत होती, जिच्या कडा आता झिजून गुळगुळीत व्हायला लागल्या होत्या. आणखी जोर लावला तर खाच संपूनच जाईल, मग स्क्रूड्रायव्हरला धरायला काही उरायचं नाही. धरायला काहीतरी लागतंच... 'एक खोली बघितलीय तुझ्यासाठी,' सासूबाई सकाळी म्हणाल्या होत्या. तिनं स्क्रूड्रायव्हर किंचित तिरका केला, तळव्यानं दाबला, श्वास रोखला. स्क्रू निमूटपणे थोडासा वर आला आणि मग एकदम सैल पडला, जणू इतका वेळ नुसता हट्ट करत होता.

लॅबला लागून असलेली ही खोली पूर्वी अडगळीची होती. अजूनही एका कोपऱ्यात मोडकी स्टुलं आणि रिकामे खोके होते. दुसऱ्या कोपऱ्यात, जमिनीपासून वीतभर उंच चौथऱ्यावर, काळ्या लोखंडी पेटीसारखा सर्व्हर. वॉर्डांतून तपासणीसाठी खाली येणाऱ्या रक्ताच्या प्रत्येक बाटलीचा आकडा लॅबच्या मशिनींतून या पेटीत यायचा आणि इथून वर डॉक्टरांच्या पडद्यांवर जायचा. गेला आठवडाभर ही ये-जा मध्येच तुटत होती. डॉक्टर वर खोळंबत, लॅबमध्ये फोन खणखणत, आणि मग आपोआपच सगळं सुरू होई—जसं काही झालंच नाही. तिनं आधी केबल बदलून पाहिली, मग स्विचमधली—सगळ्या केबल जिथं येऊन मिळतात त्या डबीतली—जागा बदलून पाहिली. शेवटी काल, पेटीच्या पाठीमागे टॉर्च धरून बसलेली असताना, केबल जिच्यात खोचतात त्या पाटीवरचा, नेटवर्क कार्डावरचा, हिरवा दिवा विझताना तिनं स्वतःच्या डोळ्यांनी पाहिला. थोड्या वेळानं तो परत लागला. पण एकदा विझताना पाहिल्यावर त्याच्यावर विश्वास कसा ठेवायचा?

"किती वेळ बंद ठेवणार?" लॅबच्या ताईंनी दारातून विचारलं होतं. त्या लॅबच्या मुख्य होत्या; सगळं हॉस्पिटल त्यांना ताईच म्हणे.

"तुमचं जेवण होईस्तोवर."

"माझं जेवण म्हणजे दोन घास आणि चार फोन. नीट सांग, सर्व्हरबाई."

"चला, मग चार फोन होईस्तोवर."

ताई हसल्या होत्या. तीही हसली होती, आणि हसता हसता तिला आश्चर्य वाटलं होतं—सकाळपासून तोंड आपलं आपण बोलतंय, हसतंय, आपल्याला विचारतसुद्धा नाही.

सकाळी ती दारात चप्पल घालत होती. सासूबाई नेहमीच्या जागी, शिलाई मशीनवर. नजर कमी झाली तरी गल्लीतल्या पोरांचे शाळेचे गणवेश अजून त्याच शिवत. आत सासऱ्यांचा रेडिओ मोठ्यानं चाललेला, कारण त्यांना हल्ली ऐकू येत नव्हतं आणि ते मान्य करायची त्यांची तयारी नव्हती. रेडिओच बिघडलाय म्हणत. मशीन थांबलं. सासूबाई वर न बघता म्हणाल्या, "एक खोली बघितलीय तुझ्यासाठी. हॉस्पिटलच्या मागच्याच गल्लीत. संध्याकाळी परस्पर ये, मी तिथंच असेन." आणि मशीन परत सुरू झालं. येताना भाजी आण, असं सांगावं, तसं. आणि ती म्हणाली होती, "बरं."

बरं! बरं म्हणजे काय? काय बरं त्यात? जिना उतरताना ते तिच्या ध्यानात आलं, आणि परत वर जाऊन विचारावं असं वाटलं, पण पाय खालीच उतरत राहिले. आपल्याला घराबाहेर काढतायत—हे वाक्य तिनं रस्त्यात मनातल्या मनात म्हणून पाहिलं. ते इतकं नाटकी वाटलं की तिला स्वतःचीच लाज वाटली. सासूबाई तशा नव्हत्या. आवाज चढवणं त्यांच्या स्वभावात नव्हतं. रागावल्या तर फार तर भाजीत मीठ कमी पडे. मग कशासाठी? माझं काय चुकलं?

तिनं मनगटावरचा पट्टा चाचपला. त्याचं दुसरं टोक पेटीच्या लोखंडाला अडकवलेलं होतं, अंगातली वीज कार्डाला लागू नये म्हणून. मग दोन बोटांनी कार्डाची कड धरली आणि हलकेच, एकदा या बाजूनं, एकदा त्या बाजूनं, उचललं. ते लगेच आलं. इतकी वर्षं तिथं बसलेलं, आणि एवढ्याशा ओढीनं बाहेर. हिरवी पाटी, तिच्यावर धुळीची मऊ साय, कडेला सोनेरी दात. तिनं फुंकर मारली. धूळ उडून तिच्याच तोंडावर आली.

...याच्यातूनच गेले होते.

हे तिला आत्ता, या क्षणी सुचलं. त्याचे, तिच्या नवऱ्याचे रिपोर्ट. ज्या दिवसांत तो वर, तिसऱ्या मजल्यावरच्या कोपऱ्यातल्या खाटेवर तापानं फणफणत पडला होता आणि पाणीपुरवठ्याच्या ऑफिसातले त्याचे सहकारी जिन्यात घोळक्यानं उभे असत, तेव्हा त्याच्या रक्ताचा प्रत्येक आकडा या बोटभर लांबीच्या पाटीवरून वर गेला होता. आणि ती खाली, याच खोलीत, डॉक्टरांच्या आधी ते आकडे बघत होती. बघायला नको होते. तिचं काम वाटा चालू ठेवायचं, वाटेवरून कोण जातंय ते बघायचं नव्हे. पण ती बघत होती. आकडा खाली, आणखी खाली. तिला त्यातलं फारसं कळत नव्हतं. कंसात छापलेला नेहमीचा आकडा आणि त्याचा आकडा यांच्यातलं अंतर मात्र कळत होतं. शेवटच्या दिवशी ताई इथं आल्या होत्या आणि त्यांनी पडदा बंद केला होता. तेवढंच. "वर जा," म्हणाल्या होत्या.

वर गेली तेव्हा सासूबाई त्याच्या पायांवर हात ठेवून बसल्या होत्या, आणि म्हणत होत्या, "बुवा, अरे बुवा." लहानपणी फार गंभीर तोंड करून बसायचा म्हणून त्याला घरात बुवा म्हणत. लग्न होऊन ती आली तेव्हा तिला त्या नावाचं हसू यायचं. इतका दंगेखोर माणूस, आणि बुवा! "लहानपणीच सगळं गांभीर्य संपवून टाकलं मी," तो म्हणायचा.

तिनं जुनं कार्ड बाजूच्या खोक्यावर ठेवलं. नव्या कार्डाची पिशवी फाडली. काम करताना विचार करू नये, असा तिचा नियम होता. काम करताना विचार येत नाहीत, हा त्या नियमाचा फायदा होता. आज नियम पाळूनही फायदा मिळत नव्हता. नवं कार्ड खाचेत बसलं, टक् असा आवाज झाला. स्क्रू—वेगळा, नवा—सहज बसला. झाकण, पट्टी, केबल. बटण दाबलं, पंखा घुमला, आणि हिरवा दिवा लागला.

आपण राहिलो होतो. हा विचार त्या दिव्याबरोबरच आला. तो गेल्यावर तिची स्वतःची आई न्यायला आली होती तेव्हा, बॅगसुद्धा भरून झाली होती, आणि तीच म्हणाली होती, "मी नाही येत. यांना कोण आहे?" आई रडली होती, मग गेली होती. शेजारपाजारचे म्हणाले, सून असावी तर अशी. ऐकून बरं वाटलं होतं, खोटं कशाला बोला. त्या दिवसांत बरं वाटायला दुसरं होतंच काय? आणि नुसती राहिली नाही ती. घरात त्याच्या आकाराचं जे भगदाड पडलं होतं ते तिनं एकेक करून बुजवत आणलं होतं. सासऱ्यांची औषधं तो आणायचा, ती आणू लागली. रेडिओची तार तो जोडायचा, ती जोडू लागली. जेवताना त्याची खुर्ची रिकामी दिसायची म्हणून एक दिवस ती तिच्यावर बसली. कुणी काही बोललं नाही, मग रोज बसू लागली. आणि संध्याकाळ. पूर्वी ती लवकर घरी यायची आणि तो दिवेलागणीला. तो गेल्यावर त्या वेळेला घरात जी शांतता पसरायची—सासरे रेडिओचा आवाज वाढवत नेत, सासूबाईंचं मशीन उगाचच पळत राही—ती तिला सहन झाली नाही. तिनं ड्युटी बदलून घेतली. त्याच्या वेळेला, त्याच्या किल्लीनं दार उघडून, ती घरी येऊ लागली. ती वेळ रिकामी राहू नये म्हणून. कुणीतरी यावं म्हणून...

आणि त्या घरातून मला आता खोली!

फोन वाजला. ताई. "अगं, झालं का? माझे सहा फोन झाले."

"चालू झालाय की."

"कुठला चालू? इथं काही येत नाही. वरून मुलांच्या वॉर्डातली नर्स दोनदा येऊन गेली, एका बाळाचा रिपोर्ट अडकलाय. मी हातानं लिहून दिला शेवटी."

तिनं पडद्याकडे पाहिलं. सर्व्हर उठून बसला होता, पण बाहेरच्या जगाशी त्याचं काही नातंच नव्हतं. एकाही मशिनीची हाक त्याला पोचत नव्हती, त्याची कुणाला. पण दिवा तर हिरवा! केबल चेपून पाहिली. परत बटण दाबलं. परत तेच. बाळाचा रिपोर्ट. कार्ड नवंच खराब निघालं की काय? खाच बिघडली? आपण ओढताना काही मोडलं? पाच मिनिटांचं काम, आणि आज, नेमकं आज... तिनं डोळे मिटले, आणि मग एकदम कळलं, आणि कळल्यावर तिला स्वतःच्या थोबाडीत मारावीशी वाटली. हे तर काल रात्री झोपेतसुद्धा सांगितलं असतं तिनं.

या जातीच्या सिस्टिमची एक खोड होती. प्रत्येक कार्डावर कारखान्यातच एक क्रमांक कोरलेला असतो, जगात दुसऱ्या कुठल्याही कार्डाचा नसलेला. सिस्टिमनं एखादं कार्ड एकदा ओळखलं की ती तो क्रमांक एका फाइलमध्ये लिहून ठेवते आणि त्याच्यापुढे नाव लिहिते: ईथ-झिरो. मग ते कार्ड काढलं, मोडलं, जाळलं, तरी ते नाव त्याचंच राहतं. नवं आलेलं कार्ड कितीही धडधाकट असो, त्याला पुढचं नाव मिळतं, ईथ-वन. आणि इकडे पत्ता, वाटा, सगळी व्यवस्था ईथ-झिरोच्या नावे लावलेली. म्हणजे जे कार्ड आता खोक्यावर धूळ खात पडलं होतं, त्याचीच सर्व्हर अजून वाट बघत होता, आणि जे आत बसलं होतं त्याला कुणी काही काम सांगितलेलंच नव्हतं.

तिनं फाइल उघडली. दोन ओळी. वरची जुन्याची, खालची नव्याची. वरची ओळ पुसून टाकायची, खालच्या ओळीत वनचा झिरो करायचा, संपलं. कर्सर वरच्या ओळीच्या तोंडाशी लुकलुकत होता. ओळ पुसायचीच असं काही नसतं. ओळीच्या आधी एक खूण टाकली की सिस्टिम तिच्याकडे दुर्लक्ष करते, ओळ मात्र जागच्या जागी राहते. पुष्कळ जण तसंच करतात, पुढं-मागं लागली तर असावी म्हणून. पण हे कार्ड पुढं-मागं लागणार नव्हतं. ती पुसणारच होती. तरी तिनं खूणच टाकली, आणि का टाकली याचा विचार न करता खालच्या ओळीकडे गेली.

या खेपेला सर्व्हर उठला तेव्हा पत्ता त्याच्यापाशी होता. ती लॅबमध्ये गेली. ताई एका हातानं फोन आणि दुसऱ्या हातानं पोळीचा तुकडा धरून उभ्या होत्या.

"येतायत का?"

"दोन मशिनींचे आले. ह्या ठोंब्याचे नाही." ठोंब्या म्हणजे रक्त मोजणारं जुनं, बोजड मशीन.

"येतील. नाव तेच आहे, पत्ता तोच आहे, पण ह्याला अजून जुन्या कार्डाचाच क्रमांक आठवतोय. तिकडेच पाठवत बसलाय. थोड्या वेळानं विसरेल आपोआप."

"हा? हा काही विसरत नाही. माझ्यासारखा आहे. गेल्या जन्मीचंही आठवतं ह्याला."

"मग बंद करून चालू करू."

तिनं ठोंब्याचं बटण दाबलं. तो कण्हत बंद झाला आणि कण्हत सुरू झाला, आणि थोड्या वेळानं अडकलेले सगळे रिपोर्ट एकापाठोपाठ एक वर जाऊ लागले. ताईंनी पोळीचा तुकडा तोंडात टाकला. मग तिच्याकडे नीट बघून म्हणाल्या, "तुझा चेहरा का असा? काही झालंय?"

"नाही."

"घरी सगळे बरे?"

"बरे आहेत." आणि मग, तिला बोलायचं नव्हतं तरी: "सासूबाईंनी माझ्यासाठी खोली बघितलीय. वेगळी."

ताईंचं चावणं थांबलं. "एवढं केलंस तू त्यांचं," एवढंच म्हणाल्या शेवटी.

एवढं केलंस. हेच तर तीही सकाळपासून म्हणत होती. पण दुसऱ्याच्या तोंडून ऐकल्यावर ते वाक्य तिला कसंतरीच वाटलं, जसं एखादं बिल वाटावं. केलं म्हणजे काय, दुकान मांडलं होतं? तिनं अडगळीच्या खोलीत परत जाऊन जुनं कार्ड नव्याच्या रिकाम्या पिशवीत घातलं आणि ती पिशवी भंगाराच्या खोक्यात टाकली. नंतर दुपारभर ती काय काय करत राहिली ते तिला संध्याकाळी आठवलं नसतं.

मागच्या गल्लीतलं घर दुमजली होतं. खाली काच कापणाऱ्याचं दुकान. काचेवरून हिऱ्याचं टोक ओढल्याचा कर्र आवाज जिन्यात भरून राहिलेला. ती जिना चढताना वाक्यं जुळवत होती. मी काही आश्रित नाही. मी कमावते. तुम्हाला नको असेन तर तोंडावर सांगायचं होतंत. वाक्यं चांगली जमली होती, धारदार, एकेका पायरीला एकेक. खोलीचं दार उघडंच होतं.

सासूबाई खिडकीपाशी पाठमोऱ्या उभ्या होत्या आणि शिलाईची टेप लावून खिडकी मोजत होत्या.

पडदे! पडद्यांपर्यंत ठरलं सगळं. खोली रिकामी होती, स्वच्छ झाडलेली. भिंतीवर जिथं आधीच्या भाडेकरूचं कपाट होतं तिथं रंगाचा उजळ चौकोन राहिलेला.

"आलीस?" सासूबाई वळल्या. "खिडकी लहान वाटते, पण मोजली तर बरीच रुंद निघाली. हे टोक धर जरा. मला एकटीला पुरत नाही."

तिनं टोक धरलं नाही. जुळवलेल्या वाक्यांपैकी एकही तोंडातून निघालं नाही. निघालं ते भलतंच, आणि लहान मुलीसारखं.

"आई, माझं काय चुकलं?"

सासूबाईंनी टेप बोटांभोवती गुंडाळायला घेतली. पूर्ण गुंडाळली, सोडली, परत गुंडाळली.

"चुकलं असतं तर बरं झालं असतं बाई. भांडले असते, मोकळी झाले असते."

"मग?"

"तू संध्याकाळी येतेस ना..." त्या थांबल्या. खालून काच कापल्याचा आवाज आला आणि गेला. "किल्ली फिरवतेस. मग दाराला खांदा लावतेस. धप्प. मग पिशवी खुंटीला. मग घसा साफ करतेस."

"दार फुगलंय. खांदा लावल्याशिवाय उघडत नाही ते."

"पावसात फुगलं होतं. केव्हाच सुकलं. आता बोट लावलं तरी उघडतं."

खरंच? तिनं कधी बोट लावून पाहिलं नव्हतं.

"मी आत शिवत असते," सासूबाई म्हणाल्या. "पाठ दाराकडे. आवाज आला की माझा हात थांबतो. रोज. मला ठाऊक असतं गं सगळं, मी काही भ्रमिष्ट नाही झाले. तरी येतो तो. बुवा येतो घरात. सुईत दोरा ओवायला लागतो तेवढाही वेळ नाही, पण येतो. आणि मग मी वळते, आणि तू असतेस."

खिडकीतून समोरच्या घराची भिंत दिसत होती. तिच्यावरून एक पाण्याचा पाइप खाली उतरत होता आणि मध्येच कुणीतरी त्याला चिंधी बांधली होती. ती त्या चिंधीकडे बघत राहिली.

"ह्यांना ऐकू येत नाही," सासूबाई म्हणाल्या. "हे सुटले."

"सांगायचं होतंत मला. मी बेल वाजवली असती. मी... लवकर आले असते, पूर्वीसारखी."

"कितीदा ओठांवर आलं. पण तू माझ्यासाठीच करतेस, ते दिसत होतं ना. कुणाच्या तोंडावर कसं सांगायचं, की बाई, नको करूस?" त्यांनी टेपचं टोक नखानं सरळ केलं. "आणि दुसरं म्हणजे... सांगितलं असतं, तर दुसऱ्या दिवसापासून तो आला नसता."

"म्हणजे तुम्हाला तो यायला हवाय."

"हवाय," सासूबाई म्हणाल्या. "म्हणून तर तू जा. नाहीतर मी जन्मभर त्या आवाजाचीच वाट बघत बसेन."

एवढं बोलून त्या खिडकीच्या कट्ट्यावर बसल्या. किती लहान दिसत होत्या. हातरुमाल काढून त्यांनी तोंड पुसलं, मग कट्ट्यावरची धूळही त्याच रुमालानं पुसली. "तुला नको असेल तर राहा," म्हणाल्या. "मी हाकलत नाही. घर तुझं आहे. जेवायला रोज आलीस तरी... नाही, रोज नको. ये अधूनमधून. हाक मारून ये. खालूनच हाक मार."

ती भिंतीला टेकली. राग शोधू लागली, कारण इतका वेळ तो हाताशी होता, त्याच्या जोरावर तर जिना चढली होती. तो नव्हता. त्याच्या जागी काही आलंही नव्हतं. मी तुमचं भगदाड बुजवत होते, असं तिला म्हणावंसं वाटलं, आणि त्याच वेळी हेही दिसलं की ज्याला ती बुजवणं समजत होती ते रोज संध्याकाळी, ठरल्या वेळेला, नव्यानं उकरणं होतं. आणि एकट्या सासूबाईंचंच नव्हे. मी कशासाठी लावत होते खांदा? सुकलेल्या दाराला? त्यांच्यासाठी म्हणत होते... पण खांद्याला दार लागायचं, धप्प व्हायचं, तेव्हा माझ्याही अंगात काहीतरी जाग्यावर यायचं. दाराच्या आत कुणी पाठमोरं बसलेलं होतं म्हणून नव्हे. दाराच्या बाहेर, खांदा लावणारा, तो होता म्हणून. इतके दिवस तो घरी येत होता. मीच आणत होते त्याला. तो गेलाय हे सगळ्यांना सांगत होते, कागदांवर सह्या करत होते, आणि स्वतः मात्र...

तिनं डोळे मिटून त्याला दारातून आत येताना पाहायचा प्रयत्न केला. दार उघडलं, खांदा आत आला, पिशवी खुंटीला लागली—आणि ती तिची स्वतःची पिशवी होती. घसा साफ केल्याचा आवाज ऐकू आला. तो तिच्या घशाचा होता. खुर्चीवर बसलेला तो आठवून पाहिला. खुर्चीवरून तिला सासऱ्यांचा चेहरा दिसला, जसा ती तिथं बसल्यावर दिसतो तसा. रेडिओची तार जोडणारी बोटं तिचीच. तिनं घाबरून डोळे उघडले. वापरून वापरून संपवला होता तिनं त्याला. जे जे त्याचं होतं ते तिनं उचललं होतं, अंगावर घातलं होतं, आणि आता ते तिच्या मापाचं झालं होतं.

"काय गं?" सासूबाई म्हणाल्या. "पाणी हवंय? नळ आहे बघ तिकडं, चालू आहे."

"नको."

तिनं हात पुढे केला. सासूबाईंनी क्षणभर त्या हाताकडे पाहिलं, मग टेपचं टोक त्यात दिलं. ती खिडकीच्या एका कडेला गेली, सासूबाई दुसऱ्या कडेला. टेप ताणली गेली. सासूबाई डोळे बारीक करून आकडा वाचू लागल्या, त्यांना तो नीट दिसत नव्हता, आणि ती टोक धरून उभी राहिली, काहीतरी एक तरी शोधत, जे आपण उचललेलं नाही, कुठंतरी त्याच्याच अंगावर राहून गेलेलं... आणि मग ते आलं, अगदी फालतू. त्याच्या शर्टाच्या कॉलरवरची ती शिंप्याच्या नावाची पट्टी रोज बाहेर आलेली असे. रोज. तो निघताना दाराशी पाठ करून, मान थोडी वाकवून उभा राहायचा, काही न बोलता, आणि ती एका बोटानं पट्टी आत सारायची. मान गरम असायची. बस, एवढंच. हे तिनं कधी केलं नव्हतं नंतर. करून बघण्यासारखं नव्हतंच, त्याला दोघं लागत.

"लिहून घेशील का?" सासूबाई म्हणाल्या आणि त्यांनी आकडा सांगितला. तिनं तो ऐकला नाही. बोटाच्या टोकाला ऊब लागली होती, ती कुणाची होती ते आता तिला पहिल्यांदाच नक्की कळत होतं, आणि त्या उबेमागोमाग जे वर येत होतं ते इतकं मोठं होतं, इतकं उशिरा येत होतं, की ती टेपचं टोक घट्ट धरून खिडकीच्या कडेला नुसती उभी राहिली.